कडुनिंबाला टांगलेलं इंजिन

माझी आई अकोल्याला मावशीकडे लकव्याने आडवी झाली, तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. वडील कधीच गेले होते आणि माझ्याशिवाय तिला मूलबाळ नव्हतं. मावशीचं पत्र आलं की मी थकले, तुझी आई आता तू ने. आमच्या घरात कोणाची ना नव्हती. पण आडव्या बाईला रेल्वेत चढवायचं, बदनेऱ्याला उतरवून अमरावतीच्या गाडीत घालायचं, हे जमणार कसं? तशी आमच्या अंगणात एक मोटार होती. तिच्यात इंजिन नव्हतं, एवढंच.

मोटार सासऱ्यांची. एका बड्या शेतकऱ्याकडे त्यांनी उभा जन्म ड्रायव्हरी केली. त्या शेतकऱ्याने नवी गाडी घेतली आणि इंजिन फुटलेली जुनी यांना देऊन टाकली, जुनं धोतर द्यावं तशी. सासरे ती रोज सकाळी पुसत. जागची न हलणारी गाडी कशाला पुसायची, म्हणून मी मनात हसायची. माझे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मिळेल तिथून एकेक भाग आणून त्यांनी पडवीत गोणपाटावर इंजिन जुळवत आणलं होतं. मावशीचं पत्र आलं आणि त्या दिवसापासून मी त्या इंजिनाभोवतीची जागा दोनदा झाडू लागले.

कापसाचा हंगाम सरला, जिन बंद झाली, तेव्हा मालकांनी तिथली गाठी उचलायची चेन-पुली मागून आणली आणि अंगणातल्या निंबाच्या जाड फांदीला बांधली. आधी नुसतं इंजिन आत बसवलं आणि गिअरबॉक्स खालून लावायला गेले. दोन दिवस बापलेक गाडीखाली लोळले. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या भोकात काही शिरेना. तिसऱ्या दिवशी मालकांनी इंजिन परत बाहेर काढलं, जमिनीवरच दोन्ही एकमेकांना जोडले आणि म्हणाले, आता जोडीनंच आत जाईल.

"एवढं धूड अंदर जाईन कसं?" सासरे म्हणाले.

"शेपटीकडून. गिअरबॉक्सचं टोक आधी, तिरपं करून. मंग हळूहळू सपाट करू."

सासरे साखळीवर, मालक इंजिनापाशी. गाडीच्या आत बसून ती शेपटी धरायला तिसरं माणूस हवं होतं. शेजारी लग्नाला गेलेले. सासरे निंबाकडे पाहून म्हणाले, "घरात मानूस हाये ना. तिले म्हना, आत बस."

मी सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेऊन असायची आणि बोलायची नाही. चार वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. त्यांना काही हवं असलं की ते दाराला नाहीतर गाईला सांगत, "चहा झाला असन तर बरं होईन." मग आता आतून सांगायचं कसं? ठरलं असं, की मी पान्याने पत्र्यावर ठोकायचं. एकदा ठोकलं की थांबायचं, दोनदा ठोकलं की साखळी सोडायची.

गाडीच्या तळाच्या फळ्या काढल्या होत्या. मी पदर खोचून, दोन्ही पाय लोखंडी सांगाड्यावर टेकवून बसले. दोनदा ठोकलं. साखळी खडखडली आणि ती ग्रीसने माखलेली शेपटी माझ्याकडे सरकू लागली. एवढं वजन, पण टांगलेलं असलं की बोटानेही हलतं. मी ती दोन्ही हातांनी धरली. काम सुरळीत चाललं होतं आणि माझं मन आईची खाट कुठे टाकायची यात गुंतलं होतं. तेवढ्यात इंजिन एका अंगाला फिरलं. ते सरळ करायला मालकांनी आत हात घातला. त्यांची चार बोटं गिअरबॉक्स आणि सांगाडा यांच्यामध्ये होती आणि सासरे साखळी सोडतच होते. इंजिनाआडून त्यांना काही दिसत नव्हतं. मालक गप्प. आपण वेळेवर हात काढू, असा त्यांचा हिशोब असावा. मी पाना उचलला तर तो ग्रीसच्या हातातून निसटून खाली मातीत पडला.

"मामाजी, थांबा. त्यायचा हात हाये तिथं."

साखळी थांबली. मग उलटी ओढली गेली. हात बाहेर आला. एक नख तेवढं काळं पडलं. आता मला बोलणी बसणार, असं वाटलं. सासऱ्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

"ठोकनं राहू दे. तूच सांग आता, किती सोडू?"

मी सांगू लागले. थोडं. अजून थोडं. थांबा. मांगं घ्या. माझा आवाज मलाच परका वाटत होता. शेपटी तिच्या जागी टेकली, पुढचे बोल्ट भोकांत उतरले, आणि मालक म्हणाले, "बसलं."

आठ दिवसांनी आम्ही आईला आणलं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इंजिन एका सुरात चाललं होतं. मूर्तिजापूर गेलं, बदनेरा गेलं. त्या प्रवासात होते तितकी सुखी मी पुन्हा झाले नाही.

घरी आल्यावर मी पेल्यात पाणी आणलं. आईने ओठ घट्ट मिटले. तिची वाचा गेली होती, समज शाबूत होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी आईने प्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि मला मूल नव्हतं. चैत्राच्या उन्हातून आलेली ती दिवसभर कोरडी पडून राहिली. मी विनवलं, चिडले, शेवटी रडले. संध्याकाळी सासरे तांब्या घेऊन बाहेर गेले आणि येऊन खाटेपाशी बसले.

"इहीनबाई, हे तुमच्या लेकीच्या घरचं नाही. शेजारचं हाये. घ्या."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

ती चौदा महिने माझ्याजवळ होती. रोज सकाळी मी घागर घेऊन शेजारी जायची आणि तिच्यापुरतं पाणी आणायची. पीठही तिथलंच. भाकरी मात्र माझ्या हातची, एवढी सूट तिने मला दिली. माझी मुलगी झाली ती आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी. लोक म्हणतात, आईची सेवा घडली, अजून काय पाहिजे? माझ्या माठातलं घोटभर पाणी तिने प्यायला पाहिजे होतं. ते मला अजून पाहिजे आहे.