हक्कसोडीचा कागद

त्या दिवशी पेणच्या कोर्टाबाहेर आम्ही चौघं होतो: मी, माझा थोरला दीर, जाऊ नि बाकड्यावर टायपिंग करणारा एक म्हातारा. माझा घरवाला वारलेला. कासू गावच्या शेताला वारस म्हणून माझा नाव लावायचा, असा सांगून दिरानी मला आणलेली.

म्हातारा दोन बोटांनीच टाइप करी. कागद झाला, तरी शाईचा डबा त्यानी मांडीखाली दाबून ठेवला.

"बाय, यात काय लिवलाय, ता तुझ्या तोंडानी सांग. मग अंगठा."

"माझा नाव लागतंय," मी म्हटला.

"नाय गो. ही हक्कसोड हाय. तुझा हिस्सा तू दिराला सोडतेस."

दीर खवळला, "टाइप कर गप! वकील झालास काय?"

"अंगठा तिचा हाय. मग कळाया पण तिलाच पायजे."

मी हात पदरात घेतला नि उठली. घरात माझ्याशी बोलणा बंद झाला. तलाठ्याकडं खेपा मारून नाव लावलाच. त्या शेतात भात अजून मीच लावते.

म्हातारा परत दिसला नाय.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोण अंगठा लावणारी असंल, तर आधी तिला कागद वाचून दाखवा.