धगशी माझं वैर

कूलरमधल्या भिजलेल्या वाळ्याचा वास आणि काळ्या शाईचा वास एकमेकांत मिसळला, की माझ्या मनात अजूनही सर्वांत आधी राग जागा होतो. मे महिन्यातल्या त्या लांबलचक दुपारी भिलाईच्या वैशाली नगरमधल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला ओली चादर टांगलेली असे, बाहेरची गल्ली उन्हाने पांढरी पडून निपचित झालेली असे, आणि टेबलावर ओणवा होऊन माझा धाकटा भाऊ निखिल एका मुलाचं चित्र काढत असे. तो मुलगा कधी जन्मला नव्हता. त्याला सावली होती ती निखिलच्या ब्रशाने दिलेली, आणि आवाज होता तो मी दिलेला. तरीही एखाद्या जित्याजागत्या शेजाऱ्याचा करावा तसा मी त्याचा द्वेष करत होते. त्याचं नाव धग.

धग हा आमच्या चित्रकथेचा नायक. वस्तीतल्या मराठी मंडळात मी रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवत असे. ही मुलं घरी आजीशी मराठी बोलत आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच हिंदीत शिरत. गोष्टींची पुस्तकं समोर ठेवली की त्यांचे डोळे जड होत. म्हणून मी निखिलला म्हटलं, एखादा असा नायक काढ की जो इथलाच असेल, ज्याच्या मागे आपल्याच कारखान्याची चिमणी धूर सोडत असेल. मग आमची कामाची रीत ठरून गेली. आधी तो पानं काढायचा, पात्रांच्या डोक्यांवर संवादांचे फुगे मोकळे ठेवायचा, आणि ते पान माझ्याकडे सरकवायचा. फुग्यांत काय बोललं जाईल ते मी ठरवायची. रविवारी त्या पानांच्या झेरॉक्स मुलांच्या हातात पडत आणि मुलं बोट फिरवत, अडखळत, पण वाचत.

भिलाईतल्या पुष्कळ मुलांना पोलाद कारखान्याचं पहिलं दर्शन होतं ते विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. एरवी ज्या फाटकातून फक्त वडील दिसेनासे होतात, त्या फाटकातून त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. काळ्याकभिन्न यंत्रांच्या गळ्यात झेंडूचे हार असतात, तेलाच्या आणि उदबत्तीच्या वासाने हवा दाटलेली असते, आणि तळहातावर गरम बुंदी येते. बाबा क्रेन चालवत. त्यांच्या क्रेनला कुंकू लावलेलं मी पाहिलं तेव्हा ती आमच्याच घरातली कुणी थोरली बाई असावी असं मला वाटलं होतं. धगचा जन्म आम्ही त्याच दिवशी ठेवला. हार घातलेल्या भट्टीच्या अंगावर एका पोरक्या मुलाने तळहात टेकवला आणि तिची ऊब त्याच्या शरीरात शिरली, ती कायमची. त्याला वाढवलं एका म्हाताऱ्या कामगाराने. हाताखालच्यांना काम शिकवणाऱ्या जाणत्याला कारखान्यात उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही त्याला उस्तादच म्हटलं.

बाबांनी पहिलं पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “हेल्मेट कुठी आहे याचं?” निखिलने हसत धगच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं.

काही अंकांपुरता धग शहाण्यासारखा वागला. तो विझलेल्या चुली पेटवी, गारठ्यात रात्रपाळीहून येणाऱ्यांचे हात नुसत्या स्पर्शाने शेकून देई, लागलेल्या आगी स्वतःत ओढून घेई, आणि कुणी नाव विचारलं तर धुरात नाहीसा होई. मग एका दुपारी निखिलने माझ्याकडे जे पान सरकवलं त्यात सिविक सेंटरच्या बाजारातली गर्दी होती, हात उंचावून धरलेले असंख्य मोबाइल होते, आणि धगने डोक्यावरचं हेल्मेट काढून गर्दीत भिरकावलं होतं. कारण हेल्मेटमुळे फोटोत त्याचा चेहरा झाकला जात होता. पुढच्या पानावर त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा आला. त्याच्या पुढच्यावर तो शीतपेयाच्या फलकावरून चौकाकडे पाहून हसू लागला. आग लागली की तो आता आधी कॅमेरा येण्याची वाट पाहू लागला, आणि उस्तादाचा फोन वाजला की तो पालथा घालू लागला.

मला जे मिळालं ते सगळं कुणीतरी दिलं म्हणून मिळालं, ही जाणीव माझ्या हाडांत आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरातल्या शाळेत ज्या बाईंनी मला सुट्टीच्या दिवशी आपल्या ओट्यावर बसवून व्याकरण शिकवलं, त्या अजून बाजारात दिसल्या तर मी पिशवी खाली ठेवून त्यांच्या पाया पडते. पदवीचा कागद हाती आला तेव्हा बाबांनी तो धुतलेल्या हातांनी धरला होता. असं आयुष्य जिने काढलं, तिच्यासमोर एक उनाड पोर उस्तादाचा फोन पालथा घालतं, आणि जग त्याला टाळ्या देतं; माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“असा नाही वागत तो,” मी पान परत सरकवलं.

“कावून नाही वागत?”

“उस्तादानं वाढवलं त्याले.”

“मग? जन्मभर पाया पडत फिरू का त्यानं?” निखिल ब्रश धुता धुता म्हणाला. “तुह्यासारखं?”

त्या दिवसापासून आमच्यात युद्ध सुरू झालं आणि ते पानांवर लढलं गेलं. तो धगला गाडीच्या टपावर उभा करी, वाऱ्याने केस मागे फेकलेला, देखणा, बेफिकीर, आणि मी त्याच्या फुग्यात लिही, “माझं डोकं रिकामं आहे, पण दात बघा कसे चमकतात.” तो त्याला मंचावर नेई, मी त्याच्या तोंडी घाली, “मला वाढवलं कुणी ते मी विसरलो, टाळ्या वाजवा.” निखिलने यावर भांडण केलं नाही. तो फुगे लहान करू लागला. दर अंकात धगचे फुगे आक्रसत गेले, इतके की शेवटी त्यांत जेमतेम एक शब्द मावे. मी तोही सोडला नाही. ‘मीच’ असं लिहीत राहिले, पानामागून पान, मीच, मीच, मीच.

घरात आमचं बोलणं बंद झालं. उन्हाळ्यात भिलाईच्या घरांना आधीच भट्टीची कळा येते. त्यात दोन तोंडं फिरवलेली माणसं म्हणजे भिंतीही तापतात. आमच्यातलं टपाल आईकडून जाई.

“आई, तिले सांग पान वाळलं.”

“त्याले सांग, टेबलावर ठेव.”

“मी का तुमची पोस्टमन आहो?” आई स्वयंपाकघरातून म्हणे. “दोघायनं त्या पोराले घराबाहेर काढा आधी. जेवत नाही, खात नाही, अन् भांडणं लावून राहिला.”

मुलांना मात्र धग बिघडल्यापासून जास्तच आवडू लागला होता. वर्गातल्या दोन पोरांनी केस त्याच्यासारखे कापून घेतले. एका रविवारी अन्वी नावाच्या मुलीने माझं वाक्य नीट वाचलं, एकही अक्षर न चुकता, आणि कागद खाली ठेवला. “दीदी, ये ऐसा नहीं बोलेगा,” ती म्हणाली. “इसका फेस देखो ना.” मी तिला पुढचं पान वाचायला सांगितलं. पण तो चेहरा मी घरी येऊन पाहिला, आणि त्या चेहऱ्याचा मला आणखीच राग आला.

त्याच सुमारास मोबाइलवर चित्रकथा दाखवणाऱ्या रायपूरच्या एका कंपनीकडे धगची पानं कुणाकडून तरी पोहोचली. निखिलने ते जेवताना सांगितलं, पोळीकडे पाहत. त्यांना धग हवा होता, हिंदीत. लिहिणारा त्यांचाच असणार होता, आणि निखिलने रायपूरला येऊन राहायचं होतं. उस्ताद मात्र नको होता.

“कावून?” बाबांनी विचारलं.

“बुढ़ऊ बोर करता है, म्हणते.”

बाबांनी वरण वाढून घेतलं. मी ताट उचलून आत गेले. आता कोण कुणाला सोडून निघालं होतं हे सांगायला फुग्यांची गरज उरली नव्हती. पाठीमागून निखिल कुणालाच न उद्देशून म्हणाला, की तो जाण्याआधी मंडळाच्या मुलांसाठी एक अखेरचा अंक काढून देईल.

त्या अंकाचं शेवटचं पान माझ्यासमोर आलं तेव्हा दिवस कलायला लागला होता. पानभर एकच चित्र होतं. सेक्टरातल्या क्वार्टरची खोली, खुर्चीत उस्ताद, आणि समोरच्या टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात हात हलवणारा धग. कितीतरी दिवसांनी निखिलने मोठा फुगा काढला होता, आणि तो उस्तादाच्या डोक्यावर होता. मला जे हवं होतं ते अखेर मिळालं होतं: न्यायाचं आसन, आणि बोलायला जागा. एरवी मी थेट पानावर लिहीत असे. त्या दिवशी मात्र कागदाच्या पट्ट्यांवर शाप लिहिले आणि एकेक फुग्यावर ठेवून पाहिला. ‘कृतघ्न आहेस.’ ‘ज्या भट्टीने तुला ऊब दिली तीच तुला नाकारो.’ वाक्यं चांगली होती. व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पण खुर्चीतला तो म्हातारा एक पाय वर घेऊन, मान किंचित पुढे काढून बसला होता, आणि ती बसण्याची रीत आमच्या घरातली होती. मला ऐनवेळी नमवायला निखिलने बाबांना तिथे आणून बसवलं, असं मला वाटलं, आणि त्या लबाडीने मी पुन्हा पेटले. मी सर्वांत कठोर पट्टी निवडली.

बाबा कूलरमध्ये पाणी भरून आत आले होते, पायजम्याच्या कडा भिजलेल्या. ते माझ्यामागे उभे राहून पान पाहू लागले. माझ्या बाजूने एक तरी साक्षीदार असावा म्हणून मी विचारलं, “बाबा, याच्या जागी तुम्ही असते तं का म्हटलं असतं?”

त्यांनी बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं कारखान्याच्या गदारोळात काढल्यावर त्यांचे कान थकले आहेत, त्यामुळे त्यांना विचारलेलं पोहोचलं की नाही याची मला शंका आली.

“आवाज वाढव म्हटलं असतं,” ते म्हणाले.

“आणखी?”

“आणखी का? पोरगा का बोलून राहिला ते तं आयकू येऊ दे आधी. मंग शिव्या देता येते.” आणि ते पाय पुसायला निघून गेले.

मी पट्ट्या बाजूला केल्या. माझा राग शमला होता असं मी म्हणणार नाही. तो तसाच होता, फक्त त्याला टेकायला जागा उरली नव्हती. त्या मोठ्या फुग्यात मधोमध मी दोनच शब्द लिहिले, ‘आवाज वाढव’, आणि पान टेबलाच्या पलीकडे सरकवलं.

निखिलने ते वाचलं. त्याने पेन्सिल घेतली, चित्रातल्या टीव्हीतून बाहेर येणारा आणखी एक फुगा काढला, मध्यम आकाराचा, पुरेसा, आणि पान पुन्हा माझ्याकडे ढकललं.

खिडकीवरची चादर आता कोरडी झाली होती आणि तिच्या फटीतून दिसणाऱ्या आभाळाचा एक कोपरा तांबूस होत चालला होता. तिकडे कारखान्यात वितळलेल्या लोखंडावरचा तापलेला मळ ओतत असावेत. लेखणी हातात धरून मी त्या काळा चष्मा लावलेल्या मुलाकडे पाहत राहिले. आजवर तो जे जे बोलला होता ते माझं होतं. त्याच्यापाशी स्वतःचं असं काय होतं, याचा एक शब्दही मला ठाऊक नव्हता, आणि टेबलापलीकडे माझा भाऊ वाट पाहत होता.