मशीनचं गार पोट

“अगं बाई, हिचं पोट किती गार आहे,” मालकीणकाकू मशीनला कुंकू लावता लावता शेजारच्या बाईंना म्हणाल्या. दोघी हसल्या. त्यांच्या मागे फुलांचं ताट धरून उभी असलेली मी मात्र जागीच थिजले.

दसऱ्याची सकाळ होती. देवासहून टोंकखुर्दकडे जाणाऱ्या रस्त्यावर बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथली थंडावा देणारी मशीन बाबा सांभाळतात. दर वर्षी आदल्या संध्याकाळी ते मेन स्विच बंद करून मशीन पुसून लख्ख करतात आणि तिला रात्रभर विश्रांती देतात. सकाळी मेन चालू होतो, पूजा होते आणि मुहूर्तावर मालक हिरवं बटण दाबतात. जुन्या मशीनचं हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. ही नवी होती, उन्हाळ्यात बसवलेली.

हिच्या कॉम्प्रेसरच्या तळाशी, तेल असतं तिथे, एक छोटा हीटर आहे. मशीन बंद असताना तो तेल कोमट ठेवतो. हीटरच बंद असला की मशीनमधला थंडाव्याचा गॅस द्रव होऊन तेलात मुरत जातो. मग मशीन चालू करताच तेलाचा फेस होतो आणि पिस्टनपुढे द्रव येतो. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. धारला मी ज्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, तिथे असा एक कॉम्प्रेसर उघडलेला पाहिला होता. आत व्हॉल्व्हच्या पट्ट्यांचे तुकडे पडले होते, दांडा वाकला होता, आणि भोवती उभ्या माणसांपैकी कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

फुलं वाहण्याच्या निमित्ताने मी पुढे झाले आणि खाली हात लावला. गार. तेलाची पातळी दाखवणारी काच एरवी अर्धी भरलेली दिसते, आज ती काठापर्यंत भरली होती. मेन सकाळी चालू झाला होता खरा, पण एवढं तेल तापायला दिवस जावा लागतो.

“क्या मॅडम, मशीन को नजर लगा रही हो?” पॅनलपाशी उभे असलेले इलेक्ट्रिशियन भिया म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी ताट घेऊन मागे सरले. गुपचूप जाऊन मेन बंद करावा असं मनात आलं होतं, पण तिथे तर तेच उभे होते.

जुनी मशीन कायमची बंद पडली तेव्हा मालक माझ्यादेखत बाबांना म्हणाले होते, “झालं ते झालं. पण हिला काही झालं, तर मग मला दुसरा माणूस बघावा लागेल.” बाबा निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही तिथे आहेत, ते मालकांच्या मर्जीवर. मी गप्प राहिले तर मशीन जाणार आणि तिच्याबरोबर बाबांची नोकरी. बोलले तर रात्री मेन कोणी बंद केला, हे सगळ्यांसमोर निघणार.

मी बाबांच्या मागे जाऊन हळूच म्हटलं, “बाबा, हीटर…”

“नंतर, बेटा,” ते हाराची गाठ मारत म्हणाले. “मुहूर्त टळेल.” त्यांच्या कपाळावर कुंकू होतं आणि चेहरा इतका प्रसन्न, की मी बाजूला झाले.

नारळ फुटला. काकूंनी पाणी शिंपडलं. “चला भिया, चला,” कोणीतरी मालकांना म्हणालं. मालकांनी रुमालाने हात पुसले. हे सगळं मी इंग्रजीत शिकले होते, इंग्रजीत मला सांगता आलं असतं. मराठीत वाक्य जुळवत होते आणि ते दर वेळी बाबांच्या नावापाशी येऊन थांबत होतं. कदाचित काही होणारही नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. बाबा हात जोडून मशीनच्या अगदी जवळ उभे होते.

मालकांचं बोट बटणाकडे गेलं.

“काका, बटण दाबू नका.” आवाज माझाच होता, पण फार मोठा निघाला. “रात्रभर मेन बंद होता, म्हणून खालचा हीटरही बंद होता. तेलात गॅस मुरलाय, आत्ता चालू केली तर ती फुटेल. उद्यापर्यंत तशीच राहू द्या. मेन बाबांनी बंद केला होता. जुन्या मशीनला हीटर नव्हता, काका, आणि या मशीनचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.”