नांगर तुटल्यावर दोर कोणी ओढला?

भूतखेत, करणी, अंगात येणं... या सगळ्याला मी आजवर तोंडावर हसत आलो. आमच्या बाळापुरात कोणी ‘त्या चिंचेखाली बाई दिसली’ म्हटलं, की मी मुद्दाम तिथंच जाऊन तंबाखू मळत बसायचो. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. मी त्यांच्यातलाच आहे.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हाची गोष्ट. मी आणि धाकटा भाऊ गोविंदा गाड्यांनी कापूस भुसावळला आणून पुढे आगगाडीने मुंबईला गेलो. गाडीबैल गावकऱ्यांबरोबर घरी परतले. आमचा कापूस घेणाऱ्या एजंटसाहेबाचं गोदाम खाडीपलीकडे होतं. तिथं दशमीच्या संध्याकाळी कापसाची गासडी घसरून गोविंदाच्या मांडीवर पडली. हाड बाहेर आलं. डॉक्टर मुंबईत — आणि मध्ये पाणी.

रात्री एकही होडीवाला तयार होईना. पहाटे मी साहेबाच्या दारात जाऊन बसलो आणि तिथून हटेचना. शेवटी त्याने आपली यॉट दिली — सहलीची शिडाची होडी — आणि तिचा म्हातारा तांडेल, हुसेनचाचा.

“ओहोटीला फार ओढ आहे. दोन तास थांबा,” चाचा म्हणाले.

“दोन तासानं याले नेऊन काय करू? तुमी सोडा होडी.”

खाडीच्या तोंडाशी वारा पडला. शीड लोंबायला लागलं आणि पाणी आम्हाला खडकांकडे ओढू लागलं. चाचांनी नांगर टाकला. दोराला एक हिसका बसला, मग तो सैल पडला. नांगर तुटून गेला होता.

“आता अल्लाचं नाव घ्या,” ते म्हणाले.

मला भयंकर राग आला. पोहता न येणारा मी, रांगत होडीच्या टोकाशी गेलो आणि तो रिकामा दोर कासऱ्यासारखा हातात धरला. तोंडातून निघालं, “चाल मोऱ्या... चाल बापा, गोविंदा हाय गाडीत.” मोऱ्या म्हणजे माझ्या जोडीतला डावा बैल. गाळात रुतलेली गाडी त्यानेच काढायची, हे अंगवळणी पडलेलं.

दोर ताठ झाला. होडी ओहोटीच्या उलट, हिसक्याहिसक्याने पुढे सरकू लागली. चाचा सुकाणू धरून बसले होते. धक्क्याला लागल्यावर मी दोर वर ओढला. टोकाला काहीच नव्हतं.

गोविंदा वाचला, लंगडत का होईना. दोन महिन्यांनी आम्ही घरी आलो. मी अजून कोणाला काही सांगितलं नव्हतं, तोच बायको म्हणाली, “एकादशीच्या पहाटे मोऱ्याले काय झालं समजलं नाई. गोठ्यात गुडघे टेकून धापा टाकत होता. खांदा सारा सोलून निघाला होता. कोणी जुंपलं नोतं त्याले.”

खाडीत कधी उलटा प्रवाह लागतो म्हणतात. बैल खुंट्यालाही खांदा घासतो. ही कारणं मी स्वतःला किती वेळा सांगितली, पण मन मानत नाही. खरं कारण मला आजही ठाऊक नाही.

मोऱ्याच्या मानेवर मात्र मी पुन्हा जू ठेवलं नाही. शेजारी म्हणतात, फुकटचा कडबा खातो. खाऊ दे.