मित्सुएचं नाव असलेलं गाणं

मित्सुए कुदोचा नवरा कानेजी लग्नानंतर कधीच तिला नावाने हाक मारत नव्हता. नुसतं "ओय." चहा हवा, "ओय." मोजे सापडत नाहीत, "ओय." आमच्या हाचिनोहेच्या बंदरात स्क्विड मासे पकडणाऱ्या बोटींवर आयुष्य काढलेले सगळे पुरुष असेच. तिचं नाव त्याच्या तोंडून फक्त एका गाण्यात यायचं. धक्क्यावर उभ्या राहिलेल्या एका मुलीचं ते जुनं गाणं होतं. त्या मुलीचं नाव गाळून कानेजी तिथे "मित्सुए" घालायचा. आम्ही टेबल बडवायचो आणि मित्सुए लाजून त्याच्यावरच खेकसायची, "पुरे करा! लोक काय म्हणतील?"

हे सगळं गुरुवारी दुपारी चालायचं, बंदरामागच्या कॉफीच्या दुकानातल्या कराओकेच्या खोलीत. आम्ही सात म्हातारे. मी नोए, याच गल्लीत लोकांचे केस कापत म्हातारी झाले. आमचा खेळ गाण्यांच्या नावांच्या भेंड्यांचा. एकाने गायलेल्या गाण्याचं नाव ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षरापासून सुरू होणारं गाणं पुढच्याने यंत्रावर लावायचं आणि पुरतं गायचं. नाव 'न्'वर संपलं, की खेळ खलास. 'न्'पासून आमच्या जपानी भाषेत काही सुरूच होत नाही. ज्याच्यामुळे खेळ बुडाला त्याने सगळ्यांचे कप धुवायचे.

आणि कानेजीच्या त्या गाण्याचं नाव नेमकं 'न्'वर संपायचं.

पूर्वी तो ते गाणं खेळ आटोपल्यावर गायचा. मग त्याला विसरण्याचा आजार जडला. मुलगा विसरला, बोट विसरला, चपला कुठल्या पायात घालायच्या ते विसरला. एवढं एक गाणं शिल्लक राहिलं. त्याची पाळी आली की तो तेच सुरू करायचा. कुठलंही अक्षर असो, त्याला आम्ही सूट दिली होती. पण 'न्'ला काय सूट देणार? कसाबसा रंगलेला खेळ दर गुरुवारी त्याच्यापाशी येऊन मरायचा, आणि मित्सुए मुकाट्याने उठून कप धुवायची.

आमचे म्होरके ओगासावारासान, पोस्टातून निवृत्त झालेले. एकदा निघताना ते तिला फार मायेने म्हणाले, "मित्सुएसान, किती दमता हो तुम्ही! थंडी वाढतेय. वसंत येईपर्यंत घरी आराम करा ना."

आमच्याकडे कुणी असं गोड बोललं की समजायचं, दार बंद झालं. माझं तर डोकंच सणकलं. मी म्हटलं, "सरळ सांगा ना, येऊ नका म्हणून!" सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

मित्सुए मात्र कमरेत वाकली ती वर उठेचना. "एक महिना द्या," ती म्हणाली. "मी त्यांना दुसरं गाणं शिकवते. हात जोडते तुमच्यापुढे."

घरी परतताना तिने माझी बाही धरली. बर्फ पडत होता आणि कानेजी पुढे पुढे चालला होता.

"नोए, तुला सांगते. आठवडाभर हे माणूस भिंतीकडे तोंड करून बसतं. जेवत नाही. पहाटे उठून बोट निघाली म्हणून दार बडवतं. गुरुवारी एकदा गातात ना, मग घरी येऊन आपल्या हाताने भात खातात. तेवढ्यावर मी पुढचे दिवस ढकलते. गुरुवार गेला तर मी यांचा हात धरून समुद्रात उतरेन. गंमत करत नाहीये मी."

तिचे डोळे बघून मला भीतीच वाटली.

तिने बोटीचंच एक सोपं गाणं निवडलं, सुरक्षित अक्षरावर संपणारं. मग त्या घरात जे चाललं ते मी स्वतः पाहिलंय. सकाळ-संध्याकाळ तेच गाणं. नवी ओळ नीट म्हटली की गोड पावाचा तुकडा. जुनं गाणं ओठांवर आलं की ही पटकन त्याच्या तोंडावर तळहात ठेवायची. "ते नाही. ते नाही म्हटलं ना!" तो भांबावून बघायचा. पुन्हा जुनं सुरू करायचा, पुन्हा हात.

मी एकदा म्हटलं, "अगं, लहान मूल आहे का ते? गाऊ दे ना घरात तरी."

"घरात गायले की तिथेही गातील," ती ओरडली. "तुला काय जातंय बोलायला?"

खरंच, मला काय जात होतं.

महिन्याने ते दोघे आले. मित्सुएच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. पाळी फिरत फिरत कानेजीकडे आली. त्याने माईक घेतला. मित्सुएने डोळे मिटले. आणि कानेजीने नवं गाणं लावायला सांगितलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गायलं, एकही शब्द न चुकता. ओगासावारासान उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. खेळ पुढे सरकला, संध्याकाळपर्यंत रंगला. मित्सुए रुमालात तोंड खुपसून रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. सुटली बिचारी, असं मला वाटलं.

वाटेत ती हसत त्याला म्हणाली, "अहो, जिंकलात हं! आता तुमचं गाणं म्हणा. धक्क्यावरचं."

त्याने नवंच म्हटलं.

"ते नव्हे हो. जुनं." तिने पहिली ओळ गुणगुणून दाखवली. तो लक्ष देऊन ऐकत राहिला. तिने दुसरी ओळ म्हटली, तिसरी म्हटली. भर रस्त्यात उभी राहून, त्याचे दोन्ही दंड धरून ती गात होती, आणि तो आता हे संपलं की निघू या, अशा चेहऱ्याने उभा होता.

पुढच्या गुरुवारी मित्सुएची पाळी आली तेव्हा तिने ते गाणं स्वतः लावलं. पडद्यावर नाव उमटलं तसे ओगासावारासान दचकले. "मित्सुएसान, हे तर 'न्'..."

"धुवीन मी कप," ती म्हणाली.

तिला सूर नाही. आवाज चिरकत होता. त्या मुलीच्या नावाच्या जागी तिने स्वतःचं नाव घातलं, अगदी नवऱ्याकडे बघून, मोठ्याने. आमच्यापैकी कुणीही टेबल बडवलं नाही.

गाणं संपलं. कानेजीने मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या. "छान गाता हो बाई," तो म्हणाला. "ही मित्सुए कोण?"

माईक अजून तिच्या हातात होता, चालूच. त्यामुळे तिचं बोलणं साऱ्या खोलीत घुमलं. "मी. अहो, मी!"

कानेजी खुर्चीतून उठला. त्याने कोट नीट केला, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि अदबीने वाकला.

"असं का? मी कुदो. बोटीवर असतो. ओळख असू द्या."

आणि आमच्याकडे समोरचा वाकला की आपणही वाकायचं असतं. मित्सुएने माईक टेबलावर ठेवला आणि तीही त्याच्यासमोर वाकली.