गच्चीवर शिजलेला भात

आईची किमो सुरू झाली आणि आमच्या डोंबिवलीच्या घरातली फोडणी बंद झाली. जिऱ्याचा नुसता वास आला तरी तिच्या पोटात ढवळायचं. पुढे तर साध्या भाताची वाफही तिला सोसेना. मी दार लावून, पंखा लावून स्वयंपाक करायचे, पण दोन खोल्यांच्या घरात वास जाऊन जाऊन जाणार कुठे? ती दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नसेल तर पुढचा डोस देता येणार नाही. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते, त्यामुळे मी दिवसभर चिडलेलीच असायचे.

बाबांना आयुष्यात चहासुद्धा धड जमला नव्हता. एके सकाळी त्यांनी माळ्यावरून जुना सोलर कुकर उतरवला. आईनेच कधीतरी हौसेने घेतलेली पत्र्याची पेटी ती. आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा.

"गच्चीवर शिजवतो," बाबा म्हणाले. "घरात वास यायचा प्रश्नच नाही."

"बाबा, आता हे काय नवीन?" मी म्हटलं, पण ते जिना चढायला लागलेसुद्धा.

आमच्या गच्चीवर सोसायटीची सोलर पॅनेल्स आहेत. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप त्यांच्यावरच चालतो. बाबांनी त्यांच्या शेजारी पेटी मांडली आणि माझी शिकवणी घेतली. पॅनेल उन्हाची वीज करतं. ही पेटी वीजबीज काही करत नाही, आत आलेलं ऊन काळा रंग शोषून घेतो आणि तापतो, काच ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आरसा आजूबाजूचं ऊनही आत वळवतो.

एवढी विद्या असूनही पहिल्या दिवशी तांदूळ शिजले नाहीत, नुसते फुगले. कारण बाबांना राहवत नव्हतं. ते घडीघडी काच उघडून बघायचे आणि साठलेली सगळी उष्णता निघून जायची. आई पलंगावरून म्हणाली, "अहो, सारखं काय उघडून बघता? शिट्ट्या होईपर्यंत मी कधी कुकरला हात लावला होता का?" किती दिवसांनी ती कुणावर तरी डाफरली होती. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुगाची डाळ-तांदूळ मऊ शिजले. बाबा टोपी घालून पेटीपाशी राखणीला बसले होते. समोरच्या टॉवरची सावली आली की पेटी सरकवायची, सूर्य कलला की आरसा फिरवायचा. भांडं वरच निवू दिलं आणि मग खाली आणलं. आईने चार चमचे खाल्ले आणि ते पोटात टिकले. मग रोज तेच सुरू झालं. बाबा मूठभरच लावायचे, कारण उरलं की तिला वाईट वाटायचं.

एका दुपारी ती म्हणाली, "मला वर न्या." प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत आम्ही तिला नेलं आणि टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. बाबांनी वाटीत भात वाढला. तिने तो संपवला आणि वाटी पुढे केली.

"अजून वाढा."

बाबांनी भांडं तिरकं करून पाहिलं. त्यात शीतही उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"खाली गॅसवर पटकन करून आणते," म्हणत मी उठले. आईने माझा हात धरला. "नको गं. यांच्याच हातचा खाईन. थांबते मी."

बाबांनी घाईघाईने तांदूळ धुऊन आणले आणि पेटीत ठेवले. ऊन उतरायला लागलं होतं, भात व्हायला खूप वेळ लागणार हे तिघांनाही कळत होतं. आई रिकामी वाटी मांडीवर धरून बसून राहिली.

"भूक लागलीय हो," ती म्हणाली. बाबा आरसा फिरवायला म्हणून वाकले आणि त्याच्याआड तोंड लपवून रडले.