नाकतोड्याची मोरी

विद्यापीठाच्या हॉस्टेलात आल्या दिवशीच त्याला नाव पडलं, नाकतोड्या. एक तर तो लांब हातापायांचा, किडकिडीत. त्यात बाथरूमचं दार उघडल्याबरोबर त्याने जे नाक मुरडलं, ते सगळ्या मजल्याने पाहिलं. नाव ठेवलं शेजारच्या खोलीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने. त्याला सगळे वकील म्हणत.

बाथरूम होतंच तसं. मोरी तुंबलेली. घोट्यापर्यंत करडं पाणी, त्यावर साबणाची साय आणि सायीवर कुणाकुणाचे केस. मधोमध दोन विटा ठेवलेल्या. त्यांच्यावर बगळ्यासारखं उभं राहून अंगावर पाणी घ्यायचं आणि दाराकडे उडी मारायची, अशी तिथली रीत. विटासुद्धा बुळबुळीत झालेल्या.

सोडायला आलेल्या वडिलांनी आत डोकावून पाहिलं. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसायच्या आत खालचे केस झाडलेले असायचे, टॉवेल उकळत्या पाण्यात गेलेला असायचा. आई तर घासलेल्या भांड्याचा वास घेऊन मगच ते पालथं घालायची. अशा घरातला हा मुलगा. वडील एवढंच म्हणाले, "चपला घालून आंघोळ करत जा," आणि घाईघाईने बसकडे निघाले. आणखी थोडे थांबले असते, तर त्याला परतच घेऊन गेले असते.

खोलीतल्या जोडीदाराला अजगर म्हणत, कारण तो खायचा आणि खाल्ल्या जागी पसरायचा. उष्टं ताट पलंगाखाली सरकवायचा. त्यावर बुरशीची लव उगवली की ते वर्तमानपत्राने झाकायचा. किटलीत अंडी उकडायची आणि त्याच पाण्याचा चहा करायचा. "पाणी उकळलं ना? मग जंतू मेले," असं तो वर ऐकवायचा. आणि शिकत होता जीवशास्त्र! संध्याकाळी त्याची मित्रमंडळी जमायची. अजगराच्या पलंगावर जागा नसायची, म्हणून ती नाकतोड्याच्या पलंगावर बसायची, एकाच ताटात हात घालून खायची आणि तेलकट बोटं त्याच्या चादरीला पुसायची.

नाकतोड्याने घरी फोन केला. "बाबा, मला इथे किळस येते. जेवण जात नाही."

"मग परत ये," वडील म्हणाले. "पण मला सांग, खडक आणि खनिजं तुला इथे कोण शिकवणार? मी?"

तो राहिला, पण राहिला म्हणजे खोलीत कमीत कमी वेळ काढू लागला. आंघोळीला मैदानाच्या टोकाला असलेल्या व्यायामशाळेत जायचा. दिवसभर ग्रंथालयात बसायचा. मेसमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरायचा, चमचा रुमालाने पुसायचा आणि खाली मान घालून चार घास गिळायचा. कुणी बोलायला आलं, तर त्याचं लक्ष आधी समोरच्याच्या नखांकडे जायचं. मग समोरचाही पुन्हा येत नसे.

एका सकाळी तो व्यायामशाळेतून परत आला, तर खोलीच्या दारात गर्दी. अजगराला उलट्या आणि जुलाब एकदमच सुरू झाले होते. त्याला संडासापर्यंतही जाता आलं नव्हतं. पलंग, जमीन, कपडे, सगळं भरलेलं. तो भिंतीला टेकून थरथरत बसला होता. दारात त्याचीच मित्रमंडळी, बाह्यांनी नाकं झाकून.

"सफाईवाल्याला बोलवा रे कुणीतरी."

"तो दुपारी येतो."

"मग दुपारपर्यंत दार लावून घेऊ."

एकाने तर हसत हसत फोन वर धरला. "अजगरा, इकडे बघ!"

वासाने नाकतोड्या दारातच थबकला होता. पण हे हसणं ऐकून त्याला जी शिसारी आली, तिच्यापुढे तो वास काहीच नव्हता.

"फोन खाली कर!" तो ओरडला. "शी! काल याच्याच ताटात हात घालून जेवलात ना? तेव्हा नव्हती नाकं झाकली!"

हॉस्टेलात त्याचा आवाज इतका मोठा पहिल्यांदाच निघाला. मंडळी चपापली आणि एकेक करून सटकली. शेजारच्या खोलीतून आलेला वकील तेवढा उरला. नाकतोड्याने त्याला डॉक्टर आणायला पिटाळलं आणि स्वतः तोंडाला टॉवेल बांधला. पुसता पुसता तो मध्येच खिडकीशी धावायचा, कोरडे उमासे काढायचा आणि परत यायचा.

"राहू दे रे," अजगर पुटपुटला.

"गप पड. मला मुळीच आवडत नाहीये हे."

"मग कशाला करतोयस?"

"घाण आहे म्हणून! आणखी कशाला?"

डॉक्टर आले, औषध देऊन गेले. जाताना म्हणाले, आधी याला स्वच्छ धुऊन काढा. आता प्रश्न उभा राहिला बाथरूमचा. ज्याला धड बसवत नव्हतं, तो विटांवर उभा कसा राहणार?

"मी रेक्टरांकडे तक्रार दिलीय," वकील म्हणाला. "मोरीची जबाबदारी कायद्याने त्यांची आहे."

"मग कायद्यालाच सांग याला धरून उभं राहायला. बादली घे आणि चल."

नाकतोड्याने एकेक दार ठोठावून आणखी तिघांना बाहेर ओढलं. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, डोळे मिटले आणि हात त्या पाण्यात घातला. जाळीखालून जे निघालं, ते मेलेल्या घुशीसारखं होतं. केसांचा जाडजूड, काळा, चिकट दोर, संपता संपेना. त्यात गुरफटलेल्या शाम्पूच्या पुड्या, एक टूथब्रश, आणि शेवटी एक मोजा.

"अरे, हा माझा!" वकील बोलून गेला.

"घे मग."

सगळे खो-खो हसले. पाण्याने एक मोठी ढेकर दिली आणि ते गरगरत खाली गेलं. साबणाचा थर घासून काढल्यावर कळलं की फरशी निळी आहे. मजल्यावर कुणालाच ते माहीत नव्हतं. आणि त्या लख्ख मोरीत पहिली उलटी केली ती नाकतोड्यानेच. वकिलाने त्याची पाठ चोळली, मग दोघांनी मिळून अजगराला न्हाऊ घातलं.

अजगर बरा झाला. सुधारला मात्र अर्धाच. ताटं पलंगाखाली सरकवायचं त्याने सोडलं, पण किटलीतली अंडी काही सुटली नाहीत. नाकतोड्याने स्वतःसाठी वेगळी किटली घेतली आणि तिला हात लावशील तर बघ, असं बजावून ठेवलं. पूर्वी तो हे मनातल्या मनात म्हणाला असता. जुनी मित्रमंडळी पुन्हा डोकावू लागली तेव्हा अजगरानेच त्यांना सांगितलं, "त्याच्या पलंगावर नाही बसायचं." फोन वर धरणाऱ्याला मात्र नाकतोड्याने कधीच उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तो दिसला की याला अजूनही मळमळायचं.

आता मेसमध्ये तो वकील आणि अजगराबरोबर मोठ्या टेबलावर बसू लागला. एका दुपारी वकिलाने वाढायचा चमचा चाटला आणि सरळ पातेल्यात परत बुडवायला निघाला.

"शी! डुक्कर आहेस का?" नाकतोड्या ओरडला. "दुसरा घे!"

"बरं बाबा," म्हणत वकील उठला आणि दुसरा चमचा घेऊन आला. अजगराने आपली गोष्ट पुढे चालू केली. नाकतोड्याने ताट पुढे सरकवून आणखी वाढायला सांगितलं.